योकोहामाची ठसाचित्रं: शिक्क्यावरून साल, पाठीवरून खरेपणा, आणि चित्रातला साहेब नक्की कुठला?

छापील_पान (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

जपानी लाकूडठशांची तीन सुटी पानं यादीत नोंदवायची आहेत. तिन्हींवर युरोपीय माणसं किंवा त्यांची जहाजं आहेत. दिसतं तसं लिहितो.

पान १: उभं, ३६.२ × २४.८ सेंमी. उंच काळ्या टोपीतला तांबूस केसांचा पुरुष, शेजारी घेरदार झग्यातली बाई, पायाशी कुत्रा. मागे झेंडा आहे, त्यावर उभे पट्टे. नावाच्या चौकटीत ‘ओरांदा’ असं वाचता येतं. सही ‘हिरोशिगे’. सहीपासून थोड्या अंतरावर छोटा गोल शिक्का आहे. झगा जांभळट करडा.

पान २: तेवढंच, पण बंदरावरचं. उजवीकडून हमाल गाठोडी घेऊन येतात, आणि डाव्या कडेला जहाजाचा अर्धाच भाग येऊन चित्र संपतं. उजव्या कडेला एका ओळीत तीन बारीक भोकं आहेत.

पान ३: लहान, पातळ कागद, फक्त काळी छपाई. धूर सोडणारं जहाज आणि भरपूर मजकूर. सही नाही, शिक्का नाही.

माझे प्रश्न असे. गोल शिक्क्यावरून साल कसं काढायचं? सही खरंच प्रसिद्ध हिरोशिगेंची आहे का? पानं त्या काळची आहेत की नंतर छापलेली, हे घरच्या घरी कसं ओळखायचं? ओरांदा म्हणजे हॉलंड असेल तर झेंड्याचे पट्टे उभे का? आणि पुण्यात पावसाळ्यात ही पानं कशी ठेवावीत?

मोडीवाचक

आधी शिक्का, कारण या जातीच्या चित्रांत सगळ्यात भरवशाचा साक्षीदार तोच. एदोमध्ये (आजचं तोक्यो) चित्र छापण्याआधी मसुदा तपासणीला द्यावा लागे. तपासणीची खूण म्हणजे ‘आरातामे’ हे अक्षर. १८५९ पासून १८७१ पर्यंत ही खूण आणि वर्ष-महिना एकाच गोल शिक्क्यात बसवत. त्याआधीच्या काही वर्षांत ते वेगवेगळे शिक्के असत. एदोजवळचं योकोहामा बंदर परदेशी व्यापाराला उघडलं १ जुलै १८५९ ला, त्यामुळे योकोहामाच्या चित्रांवर बहुतेक वेळा हा एकत्रित शिक्काच सापडतो.

शिक्क्यातलं वर्ष अंकांत नसतं. ते बारा प्राण्यांच्या चक्रातल्या एका अक्षरानं दाखवलेलं असतं. १८५९ बकरी, १८६० माकड, १८६१ कोंबडा, १८६२ कुत्रा, १८६३ रानडुक्कर, १८६४ उंदीर, १८६५ बैल, १८६६ वाघ, १८६७ ससा, १८६८ ड्रॅगन, १८६९ साप, १८७० घोडा आणि १८७१ ला पुन्हा बकरी. बकरी दोनदा येते, तिथे घोटाळा होतो. अशा वेळी चित्राचा विषय, रंग आणि चित्रकाराच्या हयातीची वर्षं पाहून ठरवावं लागतं.

भिंगातून पाहताना दोन आकार लक्षात ठेवलेत तरी निम्मं काम होतं, कारण या चित्रांचा मोठा भर १८६० आणि १८६१ याच दोन वर्षांचा आहे. माकडाचं अक्षर म्हणजे आडव्या रेघेनं दुभागलेली चौकट आणि तिच्या मधोमध वरून खालपर्यंत आरपार गेलेली उभी रेघ. कोंबड्याचं अक्षर तोंडावर झाकण ठेवलेल्या बरणीसारखं दिसतं, आणि बरणीच्या तळाशी आडवी रेघ असते. महिना साध्या आकड्यात असतो: एक, दोन, तीन म्हणजे तितक्याच आडव्या रेघा. उरलेलं गुंतागुंतीचं अक्षर बहुधा आरातामे.

महिन्याच्या बाबतीत आपल्या पंचांगाची सवय उपयोगी पडते. जुना जपानी महिना आपल्यासारखाच अमावास्येपाशी बदलतो आणि त्यांच्याकडेही अधिक महिना येतो. फरक एवढाच की आपल्याकडे अधिक आधी आणि निज नंतर, तर तिकडे नेहमीचा महिना आधी आणि त्याच क्रमांकाचा अधिक महिना नंतर. १८६० मध्ये तिसरा महिना अधिक होता, १८६२ मध्ये आठवा. शिक्क्यात आकड्याला जोडून एखादं जादा अक्षर दिसलं तर ही शक्यता तपासा.

यादी करताना आणखी एक चूक वारंवार होते. माकड वर्षाचा बारावा महिना म्हणजे इंग्रजी कॅलेंडरनं १८६१ चा जानेवारी आणि फेब्रुवारीची सुरुवात. कोंबडा वर्ष लागलं तेच १० फेब्रुवारी १८६१ ला. म्हणून नोंदीत आधी ‘माकड, १२’ असं मूळ लिहावं आणि इंग्रजी साल त्यापुढे द्यावं. नुसतं १८६० लिहिलंत तर पुढच्या माणसाला ते दुरुस्त करायला आधार उरत नाही.

आता सही. प्रसिद्ध हिरोशिगे १८५८ च्या ऑक्टोबरात वारले, बंदर उघडलं त्याच्या पुढच्या वर्षी. तेव्हा योकोहामातल्या परदेशी लोकांच्या चित्रावर ‘हिरोशिगे’ सही असेल तर ते पहिले हिरोशिगे असूच शकत नाहीत. १८६५ पर्यंत ही सही त्यांच्या शिष्याची, म्हणजे दुसऱ्या हिरोशिगेंची (१८२६–१८६९). त्यानंतर ते घराण्यातून बाहेर पडले आणि नाव तिसऱ्याकडे गेलं. सहीचं वळण तिघांचंही जवळपास सारखं दिसतं, म्हणून निकाल शिक्क्यावरूनच लावा. विक्रेत्यांच्या याद्यांत नुसतं ‘हिरोशिगे’ लिहून किंमत चढवलेली दिसते, ते चूक आहे.

सहीखाली किंवा कडेला आणखी शिक्का असेल तर तो बरेचदा प्रकाशकाचा. तो बहुधा गोल नसतो. आयत, भोपळ्याचा आकार, दुकानाची खूण, काहीही असू शकतो. त्याचाही जवळून फोटो काढून ठेवा. एकाच चित्राच्या दोन आवृत्त्यांत पुष्कळदा तेवढाच फरक असतो.

ठसेकार

खरेपणाबद्दल सांगतो. सुरुवात पुढून नाही, पाठीमागून करा.

पान पालथं करून खिडकीच्या तिरप्या उजेडात धरा. जपानी ठशाला दाबयंत्र नसतं. रंग लावलेल्या ठोकळ्यावर ओलसर कागद ठेवून पाठीवरून ‘बारेन’ घासतात. बारेन म्हणजे बांबूच्या सालीची पिळलेली दोरी गोल गुंडाळून, वरून बांबूचंच पान ताणून बांधलेली थाळी. तिच्या घासण्याच्या गोल किंवा नागमोडी खुणा पाठीवर उमटतात, मोठ्या सपाट रंगाच्या मागे जास्त. रंगही कागदात मुरून पाठीवर फिकट दिसतो. पाठ एकदम कोरी आणि गुळगुळीत असेल तर जपून. त्या काळच्या पानाची पाठ अशी असू शकते, पण तेव्हा ते पान मागून दुसऱ्या कागदावर डकवलेलं असतं.

मग १० पट भिंग घ्या. काळ्या रेघेची कड आणि सपाट रंग पाहा. गुलाबासारखे ठिपक्यांचे पुंजके दिसले तर ते ऑफसेट पोस्टर आहे, विषय संपला. ठिपके नाहीत पण रंगात बारीक शेवयांसारखी सुरकुती आहे, तर ती कोलोटाइप (फोटोवरून छापण्याची एक पद्धत) नक्कल. ठशाच्या सपाट रंगात यातलं काही नसतं. असलेच तर लाकडाच्या शिरांचे लांबट पट्टे असतात, ते आकाशात आणि पाण्यात सहज सापडतात. कागद तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीचा, लांब धाग्यांचा. फाटक्या कडेला धागे केसासारखे बाहेर येतात. लगद्याच्या कागदाची कड अशी फाटत नाही.

रंग एकमेकांवर कसे बसलेत तेही पाहा. प्रत्येक रंगाला वेगळा ठोकळा. सगळे एका जागी बसावेत म्हणून प्रत्येक ठोकळ्याच्या कोपऱ्यात एक काटकोनी खाच आणि त्याच कडेला काही अंतरावर एक सरळ खाच ठेवतात. या दोन खाचांना ‘केंतो’ म्हणतात. रंग सरकलेला असेल तर तो कसा सरकलाय यावरून कारण कळतं. सगळीकडे सारख्याच अंतरानं सरकला असेल तर खाच झिजलेली आहे किंवा कागद तिच्यात नीट टेकवला नाही. एका कडेला बरोबर आणि पलीकडच्या कडेपर्यंत वाढत वाढत मिलिमीटरभर चुकला असेल तर कागद मध्येच सुकून आकसला. हे दुसरं चित्र घाईच्या कामाचं. योकोहामाच्या पानांत ते बरंच दिसतं, कारण बातमीसारखा माल होता, ताजा असेपर्यंत विकायचा. तेवढ्यावरून पान खोटं ठरवू नका.

झिजलेल्या ठोकळ्यावरच्या उशिराच्या प्रती हा वेगळा मुद्दा. चौकटीची बाहेरची रेघ जागोजाग तुटलेली, केसांच्या बारीक रेघा एकमेकींत मिसळलेल्या, आणि आकाशातला हलका होत जाणारा पट्टा (‘बोकाशी’) एकतर गायब किंवा सरळसोट. बोकाशी ठोकळ्यावर कोरलेली नसते. छापणारा दर प्रतीला ओल्या फडक्यानं आणि ब्रशनं रंग पातळ करत आणतो. वेळ वाचवायचा म्हटलं की पहिला बळी तिचा जातो.

मापाबद्दल: ‘ओबान’ आकार साधारण ३८ × २६ सेंमी. तुमचं पहिलं पान ३६.२ × २४.८ आहे, म्हणजे कडा कापल्या गेल्यात. बहुधा अल्बममध्ये घालताना कापल्या असाव्यात. दुसऱ्या पानाची तीन भोकंही तीच गोष्ट सांगतात, ती शिवणीची आहेत. कापताना शीर्षकाची किंवा प्रकाशकाची खूण अर्धी गेली नाही ना, ते पाहून नोंदीत लिहा.

हरताळ

पहिल्या पानातल्या ‘जांभळट करड्या’ झग्याकडे मुद्दाम बघा, त्यातून काळ कळू शकतो.

या छाप्यांतले बरेचसे रंग आपल्या ओळखीचे आहेत. काळा म्हणजे काजळी आणि सरस. पिवळ्यासाठी हळदही वापरत आणि हरताळ हे पिवळं खनिजही. लाल-गुलाबी करडईच्या फुलांचा, त्याला ते ‘बेनी’ म्हणतात. हिंगूळ, शेंदूर आणि गेरूच्या जातीची लाल माती हेही असतं. निळा पूर्वी नीळ आणि एका रानफुलाचा रस. पण १८३० च्या सुमारापासून बाहेरून येणारा प्रशियन निळा सर्रास झाला, आणि योकोहामाच्या समुद्रांत तोच दिसतो. कागद सरस आणि तुरटीच्या पाण्यानं आधी खळावलेला असतो, नाहीतर रंग पसरतो. ठोकळ्यावर रंगाबरोबर तांदळाची खळ टाकतात, तिच्यामुळे सपाट रंग ठिपकेदार न येता एकसंध येतो.

जुना जांभळा बेनी आणि निळा मिसळून केलेला. उजेडात बेनी आधी उडतो, रानफुलाचा निळाही उडतो, आणि उरतो करडा किंवा मातकट रंग. तुमच्या वर्णनाशी हे जुळतं. याउलट झगा आजही झगझगीत जांभळा असता आणि पाठीवर जांभळा डाग फुटलेला असता तर तो डांबरापासून केलेला कृत्रिम रंग समजावा लागला असता. असे रंग जपानी छाप्यांत १८६० च्या दशकाच्या मध्यापासून दिसतात. म्हणजे शिक्का १८६१ चा आणि जांभळा झगझगीत, अशी जोडी दिसली तर ती प्रत नंतर छापलेली किंवा वरून रंगवलेली असण्याचा संशय घ्यावा. पडताळा सोपा आहे: चौकटीखाली किंवा घडीच्या आत, उजेड न लागलेल्या पट्ट्यात मूळ रंग शिल्लक असतो का ते पाहा.

शेंदूर हवेतल्या गंधकानं काळवंडतो. नारिंगी जागी धातूसारखी काळपट झाक दिसली तर ती घाण समजून पुसू नका, तो रंगच बदललाय. हरताळात आर्सेनिक आहे, म्हणून रंगाची पूड सुटत असेल तर हातमोजे घाला आणि नंतर हात धुवा. आणि पाण्याचा बोळा लावून ‘रंग जातो का’ हे बघण्याचा प्रयोग अजिबात नको. बेनी पाण्यानं जातोच. त्या प्रयोगातून नुकसानाखेरीज काही कळत नाही.

पाचदेशी

आता चित्रातला साहेब कुठला ते पाहू. माझ्या मते या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे आणि नोंदींमध्ये सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

१८५८ च्या करारांमुळे पाच देशांना वाट मिळाली: अमेरिका, हॉलंड, रशिया, ब्रिटन, फ्रान्स. म्हणून चित्रांच्या शीर्षकांत ‘पाच देश’ हा शब्द सतत येतो. पण छापणारे आणि प्रकाशक बहुतेक एदोतले. योकोहामा तिथून तीसेक किलोमीटर, एका दिवसाच्या चालीवर. सादाहिदेंसारखे काही चित्रकार तिथे जाऊन बारकाईनं बघत. जहाजांची दोरखंडं, पाव भाजायच्या भट्ट्या, वखारीतली मोजमापं, असं सगळं त्यांच्या कामात सापडतं. १८६१ चं त्यांचं पाच पानी चित्र, ज्यात परदेशी व्यापाऱ्यांचा माल जहाजांवर चढतो-उतरतो, ते या प्रकारातलं सर्वांत मोठं काम मानायला माझी तयारी आहे. बाकीच्यांतले अनेक जण (योशिकाझु, योशितोरा, योशिइकु, योशितोयो, सगळे एदोतले चित्रकार कुनियोशी यांचे शिष्य) पुष्कळदा छापील नमुन्यांवरून काढत. लंडन आणि न्यू यॉर्कच्या सचित्र साप्ताहिकांतली चित्रं त्यांच्या हाताशी होती. १८६० मध्ये योकोहामात युरोपीय स्त्रिया अगदी थोड्या होत्या, तरी चित्रांत घेरदार झग्यांची गर्दी दिसते, ती या साप्ताहिकांमुळे.

हा उसना भाग डोळ्यांनी पकडता येतो. लंडनच्या साप्ताहिकाचं चित्र कठीण लाकडाच्या आडव्या छेदावर, टोकदार छिन्नीनं कोरलेलं असे. तिथे एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघांची जाळी सहज निघते. जपानी कोरक्या चेरीच्या उभ्या फळीवर सुरीनं कोरतो. त्याला जाळी हवी असेल तर रेघांमधला प्रत्येक चौकोनी ठिपका चारी बाजूंनी कापून काढावा लागतो, आणि शिरेच्या दिशेनं रेघ तुटायची भीती असतेच. म्हणून नमुन्यातली जाळी जपानी पानावर बहुधा समांतर रेघांची होते, किंवा तिच्या जागी फिक्या काजळीचा एक वेगळा ठोकळा येतो. बाईच्या झग्याच्या चुण्यांत किंवा साहेबाच्या गालाखाली करडी सावली दिसली की समजावं, हा नमुना परदेशी कागदावरचा. जपानी चेहऱ्यांना त्याच पानात अशी सावली नसते. पान १ मध्ये हे तपासून पाहा.

ओरांदा आणि उभे पट्टे यांची संगती अशी. डच झेंडा आडव्या पट्ट्यांचा, लाल-पांढरा-निळा. उभ्या पट्ट्यांचा तो फ्रेंच. पण १६४१ पासून सव्वादोनशे वर्षांच्या आसपास जपानला माहीत असलेले युरोपीय म्हणजे नागासाकीच्या देजिमा बेटावरचे डच. ‘लाल केसांचे’ हा शब्द त्यांच्याचसाठी रूढ झाला आणि ‘ओरांदा’ हे नाव पाश्चात्त्य गोष्टींना सैलपणे चिकटलं. तांबूस केस, लांब नाक, कुत्रा, हातात काठी ही ठरलेली लक्षणं नागासाकीच्या जुन्या चित्रांतून उतरली. प्रकाशकाला पाचही देशांची चित्रं विकायची असत, त्यामुळे एकच आकृती एका पानात इंग्रज आणि दुसऱ्यात अमेरिकन म्हणून येते. तेव्हा नोंदीत निकाल देऊ नका. ‘चौकटीत ओरांदा, झेंडा फ्रेंच पद्धतीचा, उभ्या पट्ट्यांचा’ एवढंच लिहा. पुढे कोणाला मूळ साप्ताहिकातलं चित्र सापडलं तर याच नोंदीवरून जुळवता येईल.

पान ३ बद्दल: काळी छपाई, पातळ कागद, सही नाही, शिक्का नाही, मजकूर खच्चून भरलेला. हा ‘कावाराबान’ असावा. विनापरवाना छापून रस्त्यावर विकलेलं बातमीपत्रक. १८५३–५४ मध्ये अमेरिकी आरमाराचे अधिकारी पेरी यांची काळी जहाजं आली तेव्हा अशी पत्रकं उदंड निघाली. शिक्का नाही म्हणून ते खोटं ठरत नाही, या जातीत तो नसणंच स्वाभाविक आहे. पण सालासाठी मग मजकूरच वाचावा लागेल. त्यात जहाजांची लांबी, तोफांची संख्या, कुठल्या सरदारानं कुठला किनारा राखला अशी माहिती असते.

मांडवीकाठ

छान चाललंय. एक शंका: या चित्रांत पोर्तुगीज का दिसत नाहीत? गोव्याहून जपानला जहाजं जात होती ना?

पाचदेशी

जात होती, पण ती गोष्ट अडीचशे वर्षं आधीची. गोव्याहून निघणारं मोठं गलबत मलाक्का-मकाव करत नागासाकीला पोहोचे. ते दृश्य जपान्यांनी रंगवलंय, फक्त छाप्यात नाही, सोनेरी घडीच्या पडद्यांवर. त्यांना ‘नानबान’ पडदे म्हणतात, काळ साधारण १५९० नंतरचा. फुगीर विजारी, काळे झगे घातलेले पाद्री, छत्र्या धरणारे नोकर, असं सगळं त्यात आहे. कोबेच्या संग्रहालयात कानो नाइझेन यांच्या पडद्यावर हत्तीसुद्धा आहे. १६३९ मध्ये पोर्तुगिजांना बंदी झाली. रंगीत लाकूडछपाई बहरली ती त्यानंतर शंभर-सव्वाशे वर्षांनी. १८६० मध्ये पोर्तुगालनं पुन्हा करार केला, तोवर ‘पाच देशां’चा साचा पक्का झाला होता.

भारताचा धागा शोधायचा तर दोन ठिकाणी सापडतो. १८६३ मध्ये एदोच्या र्‍योगोकु भागात हत्तीचा खेळ लागला होता. त्यावर योशितोयोंनी काढलेल्या चित्राच्या शीर्षकात हत्ती ‘मध्य तेन्जिकु’हून आल्याचं म्हटलंय. तेन्जिकु म्हणजे बौद्ध ग्रंथांतून आलेलं भारताचं जुनं नाव. जपानी माणूस ते सैलपणे दक्षिण आशियाच्या पलीकडेही लावत असे, तेव्हा हत्ती भारतातलाच होता असं त्यावरून धरू नये. दुसरं असं की १८६४ मध्ये मुंबई लष्कराच्या २९ व्या नेटिव्ह पलटणीची, म्हणजे दुसऱ्या बलुच पलटणीची, तुकडी योकोहामात ठेवलेली होती. त्या सुमारानंतरच्या एखाद्या पानात फेटेवाला शिपाई दिसला तर त्याला लगेच ‘तुर्क’ लिहू नका, आधी शिक्क्यातलं साल बघा.

छापील_पान

सगळ्यांचे मनापासून आभार. भिंगानं पाहिलं. पान १ च्या शिक्क्यात बरणीसारखं अक्षर आहे, त्यासोबत दोन आडव्या रेघा आणि एक गुंतागुंतीचं अक्षर. झग्याच्या चुण्यांत करडी सावली आहे, मागच्या जपानी नोकराच्या चेहऱ्यावर नाही. पाठीवर गोल खुणा दिसतात. पान २ च्या पाठीवर मात्र काहीच दिसत नाही, कागद जाड लागतो. आता साठवणीचं सांगा, जून जवळ आलाय.

मोडीवाचक

मग पहिलं पान कोंबडा वर्ष, दुसरा महिना: ११ मार्च १८६१ पासून पुढचा महिना. चित्रकार दुसरे हिरोशिगे. लक्षात ठेवा, हा तपासणीचा महिना आहे. मसुदा त्या महिन्यात मंजूर झाला. प्रती त्यानंतर, ठोकळे टिकेपर्यंत कधीही निघालेल्या असू शकतात. नोंदीत ‘मंजुरी’ असा शब्द वापरा.

ठसेकार

पान २ जाड लागतंय आणि पाठीवर खुणा नाहीत, म्हणजे ते मागून डकवलेलं असण्याची शक्यता मोठी. कोपरा सोलून बघू नका. तिरप्या उजेडात कडेला दोन थर दिसतात का, एवढंच पाहा. डकवण सोडवायची तर ओलावा द्यावा लागतो आणि तो बेनीला सोसत नाही, म्हणून ते काम कागद-संवर्धन करणाऱ्याचंच.

कसरनाशक

साठवण. शत्रू चार: उजेड, दमट हवा, कसर आणि चिकटपट्टी. शेवटचा आपण स्वतः आणतो, म्हणून आधी त्याचंच.

सेलोटेप, फेविकॉल, लॅमिनेशन, यातलं काहीही नको. टेपचा डिंक काही वर्षांत कागदात उतरतो आणि पिवळा डाग कायमचा राहतो. लॅमिनेशन तर परत काढताच येत नाही. पान बसवायचं असेल तर आम्लमुक्त पुठ्ठ्यावर, फक्त वरच्या कडेला, जपानी पातळ कागदाच्या दोन पट्ट्यांच्या बिजागऱ्या करून, गव्हाच्या सत्त्वाची शिजवलेली खळ लावून. खळ इतकी घट्ट हवी की ब्रशमधून पाणी सुटू नये. पातळ खळीनं पुढच्या बाजूला पाण्याची वर्तुळं उठतात. बिजागरी कागदापेक्षा कमकुवत असली पाहिजे, म्हणजे झटका बसला तर ती फाटते, पान नाही. चारी कडा चिकटवल्या तर पावसाळ्यात कागद फुगतो, पसरायला जागा मिळत नाही आणि मधोमध पोट येतं.

वर खिडकी कापलेला पुठ्ठा, मध्ये आम्लमुक्त पातळ कागद, आणि सगळं सपाट पेटीत आडवं. सुरळी करू नका. पेटी लाकडी कपाटाच्या तळाशी किंवा बाहेरच्या भिंतीला लागून नको. जुलैत त्या भिंतीला ओल येते. आर्द्रता ५० ते ५५ टक्के धरता आली तर उत्तम, पण पुण्याच्या पावसाळ्यात आकड्यापेक्षा चढउतार टाळणं महत्त्वाचं. दिवसा एसी आणि रात्री बंद, असं केलंत तर कागद रोज फुगतो आणि आकसतो. त्यापेक्षा बंद पेटीत सिलिका जेल बरं. रंग बदलणारं घ्या, आणि रंग पालटला की पेटीबाहेर काढून तापवून पुन्हा वापरा. जेलची पुडी पानाला टेकता कामा नये. स्वस्तातला आर्द्रतामापक पेटीच्या आत ठेवा. खोलीतला आकडा पेटीचं काही सांगत नाही.

६५ टक्क्यांच्या वर काही दिवस राहिलं की बुरशी धरते. या छाप्यांत सरस आणि तांदळाची खळ दोन्ही आहेत, म्हणजे बुरशीला आणि कसरीला जेवण तयार. कसर खाते तेव्हा भोक पडत नाही, वरचा थर खरवडल्यासारखा जातो आणि तिथला रंग नाहीसा होतो. डांबरगोळ्या पेटीत टाकू नका, त्यांची वाफ कागदाला आणि रंगाला चांगली नाही. दर पंधरा दिवसांनी पेटी उघडून बघणं हा जास्त खात्रीचा उपाय. बुरशीची पांढरी लव दिसली तर घासू नका. पान वेगळं काढा, कोरड्या हवेशीर खोलीत ठेवा, आणि ती पूर्ण सुकल्यावर मऊ ब्रशनं, तोंडाला मास्क लावून, घराबाहेर झटका.

भिंतीवर लावायचं असेल तर ५० लक्सच्या आत, वर्षातून तीन महिन्यांपेक्षा जास्त नाही, आणि काच अतिनील किरण अडवणारी. काच पानाला चिकटता कामा नये, मध्ये पुठ्ठ्याएवढी पोकळी हवी. पान १ चा बेनी आधीच उडालाय. जे शिल्लक आहे ते टिकवायचं तर ते पान भिंतीवर नकोच. चांगला स्कॅन काढून तो लावा.

पाचदेशी

पान २ साठी शेवटचं. डावीकडे जहाज अर्धं तुटतं म्हणजे हे जोडचित्रातलं एक पान, बहुधा तिहेरीतलं उजवं किंवा मधलं. सही कुठे आहे त्यावरून जागा ठरवायला जाऊ नका, तिन्ही पानांवर सही असू शकते. उजव्या कडेचं चित्र पूर्ण संपतं का ते बघा. हमालांच्या गाठोड्यांची बाह्यरेषा कडेला कापली गेली असेल तर उजवीकडेही पान होतं.

जोडीची पानं बाजारात वेगवेगळी फिरतात. कधी डावं पान मिळालं तर लगेच घेऊ नका, आधी तीन गोष्टी जुळवा. शिक्क्यातला महिना एकच हवा. समुद्राच्या निळ्याची छटा आणि बोकाशीची उंची सांध्यावर सलग हवी. आणि जहाजाच्या डोलकाठीचे दोर एका पानातून दुसऱ्यात रेघ न मोडता गेले पाहिजेत. तुमच्या पानाच्या कडा कापलेल्या असतील तर दोर दोन-तीन मिलिमीटर चुकतील, तेवढं चालतं. निळा मात्र जुळत नसेल तर ते पान दुसऱ्या छपाईतलं आहे. घेतलंत तरी नोंदीत ‘एकत्र जुळवलेली पानं’ असं लिहा.